सदर विद्यार्थी

मराठीत ‘सदर’ हा एकच शब्द अनेक ठिकाणी वावरतो. वाड्याच्या पुढच्या भागात, जिथे कारभार चालतो आणि आल्यागेल्याची विचारपूस होते, ती जागा म्हणजे सदर. नियतकालिकात ठरावीक ठिकाणी नियमाने येणारे लेखन म्हणजेही सदर. आणि सरकारी कागदावर ‘वर उल्लेखिलेला’ एवढ्याच अर्थाने माणसाच्या आधी येऊन बसणारे विशेषणही सदरच. नागपुरातील सदर या भागाच्या नावात इंग्रजी अमदानीतल्या मुख्य बाजाराला ‘सदर बाजार’ म्हणण्याच्या प्रघाताची आठवण आहे; परंतु ज्या कारणासाठी आज विदर्भातील असंख्य पालक आणि मुले या भागात येतात ते कारण, म्हणजे शिक्षण, त्या शब्दाच्या तिसऱ्या, कागदी अर्थाला अधिक जवळचे आहे. बिशप कॉटन, सेंट फ्रान्सिस डी सेल्स आणि सेंट जोसेफ कॉन्व्हेंट या मिशनरी परंपरेच्या शाळा, मंगळवारी बाजारालगतचे 1914 साली स्थापन झालेले शासकीय तंत्रनिकेतन, अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था इथे थोड्याथोड्या अंतरावर आहेत, आणि यांतील कोणत्याही संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर त्याचा उल्लेख, त्याचे नाव एकदा येऊन गेले की, ‘सदर विद्यार्थी’ असाच होतो. सदर विद्यार्थी अमुक इयत्तेपर्यंत शिकला, सदर विद्यार्थ्याची वर्तणूक समाधानकारक होती. ही वाक्ये मुख्याध्यापकांच्या सहीने लिहिली जातात. विद्यार्थ्याने त्यांत काही सांगावे अशी अपेक्षा नसते.

या पार्श्वभूमीवर, परदेशातील विद्यापीठांत आणि आता भारतातील काही खासगी विद्यापीठांतही प्रवेशासाठी मागितला जाणारा व्यक्तिगत निबंध हा प्रकार नागपूरच्या विद्यार्थ्याला परका का वाटतो, हे समजणे अवघड नाही. या निबंधाची तीन रूपे साधारणपणे प्रचलित आहेत आणि त्यांची गल्लत पालकच नव्हे तर सल्ला देणारेही करताना दिसतात. पहिले रूप अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमांच्या अर्जातील ‘पर्सनल एसे’चे. 1975 साली 15 खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जात तो कमाल 650 शब्दांचा असतो आणि त्यात दिलेल्या काही प्रश्नांपैकी एक निवडून विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहायचे असते. दुसरे रूप ब्रिटनमधील ‘पर्सनल स्टेटमेंट’चे. तिथले पदवी प्रवेश ज्या ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत होतात तिने 4000 अक्षरांची मर्यादा कायम ठेवून, 2026 च्या प्रवेशांपासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागायला सुरुवात केली आहे, आणि तिथे भर माणसावर कमी व विषयाच्या ओढीवर अधिक असतो. तिसरे रूप पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चे, म्हणजे उद्देशपत्राचे. नागपुरात याला ‘एसओपी’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते, आणि अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर जाऊ पाहणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने इथल्या बहुतेकांचा संबंध याच प्रकाराशी येतो. आपण काय शिकलो, पुढे काय शिकायचे आहे, ते याच विद्यापीठात का, आणि नंतर त्याचे काय करणार, या प्रश्नांची सुसंगत उत्तरे म्हणजे एसओपी. पर्सनल एसेत मात्र यांतले एकही उत्तर नसले तरी चालते, माणूस दिसला पाहिजे.

भारतीय प्रवेशपद्धतीत माणूस दिसण्याची सोय जाणूनबुजून ठेवलेली नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे. तंत्रनिकेतनाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, अभियांत्रिकीचा सीईटी किंवा जेईईवर, वैद्यकीचा नीटवर. गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम या तीन गोष्टींवरून ‘कॅप राउंड’मध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, संगणक जागा देतो. परीक्षकाला आवडनिवड दाखवता येऊ नये, ओळखीपाळखीला वाव राहू नये, यासाठी ही व्यवस्था उभी राहिली. जिथे माणसाकडे पाहण्याची मुभा असते तिथे आडनावाकडे पाहण्याचीही असते, हे या देशाला अनुभवाने माहीत होते. त्या बदल्यात विद्यार्थ्याला कागद जमवावे लागतात. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात प्रमाणपत्र आणि त्यावर कळस म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र: पडताळणी समितीपुढे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या विद्यार्थ्याने 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा ठेवायचा असतो, आणि विदर्भात त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूची नोंद असलेल्या जुन्या कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयातून काढून आणली जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या फायलीत अशा रीतीने त्याच्या तीन पिढ्या असतात, तो स्वतः तेवढा नसतो. ज्याने आपण कोण आहोत हे शिक्क्यानिशी सिद्ध केलेले आहे त्यालाच पुन्हा ‘तुम्ही कोण आहात ते सांगा’ असे विचारले की तो गोंधळतो, आणि त्या गोंधळाला इंग्रजी कच्चे असल्याचे नाव दिले जाते. इंग्रजी हा या अडचणीचा लहानसा भाग आहे.

ज्या अमेरिकेत हा निबंध रुजला तिथला त्याचा इतिहास मात्र फारसा निर्मळ नाही, आणि तो नागपूरच्या वाचकाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत प्रवेश परीक्षेवर होत असे, आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले ती परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊ लागली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 1919 साली लांबलचक अर्ज आणला. त्यात धर्म, वडिलांचे नाव व जन्मस्थान विचारले होते, छायाचित्र मागितले होते, शिवाय मुलाखत आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचा तपशील होता. तेथील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आले. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी 1922 मध्ये, जेव्हा तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत पाचात एक ज्यू होता, उघड कोट्याचाच प्रस्ताव मांडला. तो गाजल्यामुळे बारगळला, परंतु ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या निकषांनी तेच काम पुढे शांतपणे केले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या कागदपत्रांतून हा सारा प्रवास मांडला आहे. त्या काळातील हार्वर्डच्या अर्जात आणखी एक प्रश्न होता: अर्जदाराच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झालेला आहे काय? ज्यू कुटुंबे अमेरिकन वळणाची आडनावे घेऊ लागली होती, आणि ती जुनी आडनावे हुडकून काढण्याचा हा मार्ग होता. माणसाचे समग्र दर्शन घडवणारी म्हणून आज जी पद्धत सांगितली जाते तिच्या पायाशी हा प्रश्न आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले ते या बदलाच्या आधी, 1913 साली, आणि तिथून 1916 मध्ये लंडनला गेले. त्यांच्या प्रवेशाला मुंबई विद्यापीठाची पदवी आणि महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती पुरेशी ठरली. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी त्यांचे कोलंबियातील गुरू एडविन सेलिग्मन यांनी प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. म्हणजे तोही काळ एका अर्थाने ‘सदर विद्यार्थ्या’चाच होता, अर्जदाराविषयी दुसरे कुणी बोलत असे. फरक एवढाच, की बोलणारे सेलिग्मन होते.

आडनावाचा हार्वर्डमधला तो प्रश्न ज्या वाचकाला परका वाटेल त्याने कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ हा 1981 साली प्रसिद्ध झालेला संग्रह उघडावा. पावडे या नागपूरच्या, जन्म 1938 चा, माहेरचे आडनाव सोमकुवर. महार कुटुंबातील मुलगी संस्कृत शिकते, शाळेत गोखले गुरुजींसारखे सनातनी वळणाचे तरीही जिव्हाळ्याने शिकवणारे शिक्षक तिला लाभतात, ती संस्कृतात एम.ए. होते, आणि मग अध्यापनाच्या जागेसाठी अर्ज करत राहते तेव्हा तिच्या पदवीचे कौतुक सर्वत्र होते व नोकरी मात्र मिळत नाही, अशी त्यातील एका लेखाची कहाणी आहे. तिचा शेवट उपरोधाचा आहे. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव सोमकुवरचे पावडे झाले आणि शासकीय महाविद्यालयातील जागा मिळाली. तेव्हा हे यश विदुषीचे मानायचे की तिच्या बदललेल्या आडनावाचे, असा पेच लेखिका वाचकापुढे ठेवते आणि त्याचे उत्तर देताना स्वतःचीही गय करत नाही. नावात झालेल्या बदलाची चौकशी अमेरिकेतील एका विद्यापीठाने दार बंद करण्यासाठी केली होती, आणि नागपुरात चार दशकांनंतर त्याच बदलाने दार उघडले. आडनावाचे काम दोन्हीकडे एकच होते.

पावडे यांचा हा लेख प्रिया आडारकर यांच्या अनुवादातून अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या 1992 च्या संकलनात इंग्रजीत गेला आणि तिथून अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पोहोचला. प्रवेश-निबंधाच्या दृष्टीने तो पाहिला तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि हे शिकणे सदरमधील रेसिडेन्सी रोडवर कुठल्याही सल्लागाराला शुल्क न भरता होऊ शकते. पहिली गोष्ट म्हणजे लेखाचा विषय जात हा नसून संस्कृत हा आहे. एका भाषेची ओढ हा त्याचा कणा आहे आणि जात त्या ओढीच्या वाटेत पुन्हा पुन्हा आडवी येते म्हणून दिसते. दुसरी, सभासमारंभात संस्कृत पंडिता म्हणून होणारा स्वतःचा परिचय आणि तो ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य यांपासून लेखिका सुरुवात करते, म्हणजे आपल्याकडे पाहणाऱ्यांकडे ती उलट पाहते. आणि तिसरी, जिला आजच्या सल्लागारांच्या भाषेत ‘अचीव्हमेंट’ म्हणतील ती एम.ए.ची पदवी लेखात कुठे विजयाच्या ठिकाणी ठेवलेली नाही. नोकरीसाठीच्या अर्जात जे लिहिण्याची सोय नव्हती ते तिने पुढे पुस्तकात लिहिले, असेही म्हणता येईल.

मग प्रश्न असा, की ज्या भाषेत असे लेखन आहे त्या भाषेतून आलेल्या मुलाला स्वतःविषयी दोन पाने लिहिणे जड का जावे? याचे उत्तर बऱ्याच अंशी मराठी शाळेतील निबंधाच्या वहीत आहे. वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनात्मक आणि आत्मवृत्तात्मक असे निबंधाचे प्रकार शाळेत शिकवले जातात, आणि त्यांतला चौथा प्रकार नावावरून तरी या कामाचा वाटतो. परंतु आत्मवृत्त कुणाचे लिहायचे, तर फाटक्या पुस्तकाचे, पडक्या वाड्याचे, नदीचे, शाळेतल्या घंटेचे; फार तर शेतकऱ्याचे किंवा निवृत्त सैनिकाचे. महाराष्ट्रातील मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत अनेक वस्तूंच्या वतीने ‘मी’ म्हणतो आणि स्वतःच्या वतीने जवळजवळ कधीच म्हणत नाही. त्यातही फाटक्या पुस्तकाने काय बोलावे हे मार्गदर्शकात छापलेले असते: आधी वैभव, मग हेळसांड, मग खंत, आणि अखेरीस बालमित्रांना उपदेश. पुढे एसओपी लिहिताना हेच फाटके पुस्तक परत येते. बालपणापासून यंत्रांची आवड होती, वडिलांच्या कष्टांनी प्रेरणा मिळाली, अमुक विद्यापीठ हे जगातील अग्रगण्य विद्यापीठ आहे, आणि शिक्षणानंतर मायदेशाची सेवा करण्याचा मानस आहे. यांतले एकही वाक्य खोटे असण्याची गरज नाही. ते कुणाचेही असू शकते, एवढाच त्याचा दोष.

हा दोष केवळ मराठी मुलांचा समजणे अन्यायाचे होईल. यूकासने 2007 साली सुमारे 50,000 निवेदने संगणकावर तपासली तेव्हा त्यांपैकी 234 जणांनी, आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना आपल्या पायजम्याला भोक पडले आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली, अशी एकच हकीकत सांगितलेली आढळली. हे पायजमे ब्रिटिश होते.

मराठीतला या प्रकाराचा आरंभ वस्तुतः याहून फार वेगळा आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने 1855 साली छापला, आणि त्यात ती आपल्या व महारांच्या दुःखांविषयी, धर्माने आपल्याला काय दिले याविषयी, थेट बोलते. शाळेत जाऊ लागून तिला जेमतेम काही वर्षे झाली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली ती यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, 1874 मध्ये. आणि ‘मी’ची मोकळी, गप्पांच्या वळणाची मांडणी करणारा ना. सी. फडके, अनंत काणेकर यांचा लघुनिबंध तर विसाव्या शतकातला. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना चिपळूणकरांपासून सुरुवात करण्याची सवय इतकी रुळलेली आहे, की विद्यार्थ्याने लिहिलेला आणि ‘आम्ही’ म्हणत ‘मी’ सांगणारा तो निबंध या प्रकाराच्या दारातच उभा होता हे ध्यानात येत नाही. शाळेच्या वहीत फाटक्या पुस्तकाऐवजी मुक्ता साळवे आली असती तर एसओपीचा धंदा थोडा मंदावला असता.

हा धंदा नागपुरातही आहे आणि तो झाकूनपाकून चालत नाही. सदर, धरमपेठ, सीताबर्डी या भागांत परदेशी शिक्षणाचे सल्लागार आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे वर्ग चालवणारे फलक लावून बसलेले असतात; विद्यापीठांची यादी ठरवण्यापासून, जिला ‘शॉर्टलिस्टिंग’ म्हणतात, व्हिसाच्या फायलीपर्यंतची कामे ते करतात, आणि त्यांतले काही एसओपीही ‘करून देतात’. विद्यार्थ्याने एक प्रश्नावली भरायची, तीवरून तिथला लेखक मसुदा उतरवतो, आणि विद्यार्थी तो वाचून हो म्हणतो. शिफारसपत्रांचेही, म्हणजे ‘एलओआर’चेही, असेच: प्राध्यापक विद्यार्थ्यालाच लिहून आणायला सांगतात आणि स्वाक्षरी करतात, त्यामुळे एकाच हातचे तीन आवाज एका अर्जात एकत्र येतात. अलीकडे या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. कॉमन अ‍ॅपने अशा यंत्राने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे गैरप्रकारात गणले आहे आणि यूकासचीही भूमिका तशीच आहे. परंतु प्रश्नावलीवरून लिहिला गेलेला निबंध आणि यंत्राने लिहिलेला निबंध यांत वाचणाऱ्याला फारसा भेद दिसू नये, ही खरी गंमत आहे. दोन्हींत ‘सदर विद्यार्थी’च बोलत असतो, फक्त क्रियापदे प्रथमपुरुषी केलेली असतात.

ज्यांना हे शुल्क परवडत नाही आणि ज्यांच्या घरात आधी कुणी महाविद्यालयात गेलेले नाही त्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी बिकट होते, कारण पैशाची मदत बहुधा निबंधानंतर येते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी दिली जाते, परंतु तिच्यासाठी आधी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असावे लागते, आणि ते मिळवण्यासाठी एसओपी. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत तर निबंधच मध्यवर्ती आहेत: नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमध्येच शिकण्याची कारणे आणि पुढील कारकिर्दीची आखणी, अशा चार विषयांवर चार. बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात भटक्या जमातीतील शेतकरी कुटुंबात वाढलेले राजू केंद्रे हे 2021 साली ही शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या ‘सोआस’ विद्यापीठात गेले. त्याआधीच, 2017 मध्ये, त्यांनी यवतमाळात ‘एकलव्य’ हे काम सुरू केले होते. पुढे नागपुरातून चालू लागलेल्या या संस्थेत पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना देशातील आणि परदेशातील नामवंत संस्थांच्या अर्जांसाठी मार्गदर्शन मिळते, त्यात त्याच वाटेने गेलेले माजी विद्यार्थी हात देतात. पहिल्या पिढीतील म्हणजे ज्याच्या आईवडिलांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही असा. ‘एसओपी म्हणजे काय’ हे विचारायला ज्याला घरात कुणी नसते. सल्लागाराच्या प्रश्नावलीत आणि अशा मार्गदर्शकाच्या प्रश्नांत फरक पडतो तो इथे, की दुसऱ्या ठिकाणी विचारणाऱ्याला उत्तरातली माणसे, गावे आणि वसतिगृहे ओळखीची असतात. गावातील पहिला पदवीधर असणे, कापसाच्या हंगामात शाळा बुडणे, समाजकल्याणच्या वसतिगृहातील खोली, या गोष्टी लिहिण्याजोग्या आहेत हेच अनेकांना ठाऊक नसते. त्या सांगायच्या नसतात, त्यांच्यातून बाहेर पडायचे असते, असे ते समजत आलेले असतात.

परंतु इथेच दुसरा धोका आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशाला मनाई केली, मात्र अर्जदाराने वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम निबंधात सांगितला तर विद्यापीठाने तो विचारात घ्यायला हरकत नाही, तो त्याच्या चारित्र्याशी किंवा क्षमतेशी जोडलेला असला म्हणजे झाले, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात नमूद केले. परिणामी जे आधी अर्जाच्या चौकटीत एका खुणेने कळत असे ते आता गोष्ट म्हणून सांगावे लागते, आणि गोष्ट जितकी दुःखाची तितकी ती प्रभावी, असा समज बळावतो. भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. सोमकुवर, मेश्राम, गजभिये या आडनावांवरून नागपुरात जे क्षणात ओळखले जाते ते बोस्टनमधील अर्ज वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला काहीच सांगत नाही; तिथे आडनाव मुके असते. अर्जदारापुढे म्हणून एक असा पर्याय येतो जो त्याला घरी कधी मिळाला नव्हता: सांगावे की सांगू नये. मौन पत्करल्यास फायलीतल्या तीन पिढ्यांपैकी एकही दिसत नाही. सांगितल्यास आपण दयेचा विषय होऊ काय, ही शंका राहते. कोणता निबंध ‘चालतो’ या हिशेबाने हा निर्णय घेणारे मार्गदर्शक आहेत, आणि त्यांचा सल्ला व्यवहारात चुकीचा ठरतोच असे नाही. तरीही अठराव्या वर्षी स्वतःच्या घराकडे विक्रीयोग्य माल म्हणून पाहायला लावणे हे शिक्षणाचे काम कसे म्हणावे, हा प्रश्न उरतो.

दुःख सांगूनही दया न मागण्याची रीत कशी असते याचे उदाहरण शोधायला पुन्हा फार दूर जावे लागत नाही. आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे सुमारे वीस पानांचे आत्मकथनपर लेखन 1935-36 च्या सुमाराचे मानले जाते. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कसे समजावून सांगावे, या प्रश्नानेच त्याची सुरुवात होते, म्हणजे त्याचा वाचकही प्रवेश-निबंधाच्या वाचकासारखा बाहेरचा आहे. पहिलाच प्रसंग साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघालेल्या मुलांचा: मसूर स्थानकावर उतरलेली नीटनेटक्या कपड्यांतली मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलतो, बैलगाडीवाले दुप्पट भाड्याला तयार होतात पण गाडी हाकायला नव्हे, आणि रात्रभर डब्यातले अन्न असूनही पाण्यावाचून ते खाता येत नाही. लेखक इथे कपडे, भाडे, अंतर आणि पाणी यांची नोंद करतो. संताप वाचकाकडे सोपवतो. पुढे परदेशातून परतल्यानंतरचे बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून हाकलले जाणे येते, चाळीसगावचा टांग्याचा अपघात येतो, दौलताबादच्या हौदाचा प्रसंग येतो, आणि अखेरच्या भागांत इतरांवर गुदरलेले प्रसंग, कारण विषय एका माणसाचा उत्कर्ष हा नाहीच. कोलंबियातून डॉक्टरेटचे काम करून आलेल्या माणसाने ते काम या लेखनात प्रौढी म्हणून एकदाही वापरलेले नाही, पण बडोद्यात राहायला जागा मिळत नाही तेव्हा ते वाचकाच्या मनात आपोआप उभे राहते.

हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली पुस्तिका म्हणून छापले आणि 1993 मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेच्या बाराव्या खंडात आले. त्या खंडाचे संपादक वसंत मून हे नागपूरचे. त्यांनी स्वतः 1995 साली ‘वस्ती’ हे आत्मकथन लिहिले आणि त्यात नागपुरातील महारपुऱ्याचे बालपण, तिथले आखाडे, समता सैनिक दलाची संचलने आणि निवडणुकांची धामधूम इतक्या रसाने उभी केली, की दुःखकथा ऐकायच्या तयारीने आलेला वाचक पहिल्या काही पानांतच आपली तयारी विसरतो. गेल ऑम्वेट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. वंचित वस्तीत वाढलेल्या मुलाला खेळ, उनाडक्या आणि अभिमानही असतो, ही गोष्ट ज्या निबंधांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी मून यांचे पुस्तक एवढ्या एका कारणानेही वाचावे.

कोलंबियात प्रवेश घेताना 1913 मध्ये आंबेडकरांना ‘मी’ लिहावा लागला नव्हता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आता त्याच विद्यापीठात पाठ्यसामग्री म्हणून वापरले जाते. नागपुरात त्या बाराव्या खंडासह मालेतील पुस्तके दसऱ्याच्या सुमारास, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दालनांत रांगा लावून विकत घेतली जातात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी यूकासच्या अर्जांची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला असते, आणि अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या पहिल्या फेरीची 1 नोव्हेंबरला. दसरा आणि दिवाळी यांच्या आसपासचे हे दिवस सदरमध्ये मसुदे दुरुस्त करण्याचे असतात.